शिक्का आहे, पण कुणाचा?

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या एडिसनहून भाचीनं घरच्या ग्रुपवर मार्शमेलोच्या पाकिटाचा फोटो टाकला. लेकाचा वाढदिवस, घर शाकाहारी, आणि पाकिटाच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा एक गोल, त्यात यू हे अक्षर. "मामा, हे कोशर आहे. म्हणजे आपल्याला चालेल ना?" प्रश्न एवढाच. कोशर म्हणजे ज्यूंच्या धार्मिक आहारनियमांत बसणारं. मी चष्मा शोधून उत्तर लिहीपर्यंत ग्रुप पेटला होता. नाशिकच्या चुलतभावानं 'कोशर टॅक्स'चा फॉरवर्ड टाकला: जगातल्या प्रत्येक बिस्किटामागे ज्यू पुरोहित पैसे कापतात, हलालवाले त्यांचंच पाहून शिकले, वगैरे. पुण्याच्या पुतण्यानं त्याला द्वेष्टा ठरवलं आणि सांगून टाकलं, की शिक्का हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा मामला, बाकीच्यांनी त्यात नाक खुपसू नये. रात्रीपर्यंत दीडशे मेसेज झाले. भाचीला उत्तर कुणी दिलं नाही. उत्तर होतं, "नाही, चालणार नाही."

हा वाद आपल्याकडे नेहमी असाच होतो. एकाला शिक्क्यात कट दिसतो, दुसऱ्याला शिक्का म्हणजे देव्हारा वाटतो, आणि पाकीट उलटं करून कुणी वाचत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. खाण्याच्या वस्तूवरचा धार्मिक शिक्का ही खंडणी नव्हे, आणि निव्वळ खासगी श्रद्धाही नव्हे. ते गिऱ्हाइकापुढे केलेलं विधान आहे: यात अमुक नाही, तमुक अशा रीतीनं केलंय, आणि हे मी तपासलंय. विधान म्हटलं की विचारायचं, कोण बोलतंय, नेमकं काय म्हणतंय, आणि खोटं निघालं तर कुणाची मान धरायची. सरकारनं या प्रश्नांची उत्तरं गिऱ्हाइकासमोर यायला लावावीत. कोशर म्हणजे काय ते त्यानं ठरवू नये, आणि शिक्क्यावर बंदीही घालू नये. कोशरचंच उदाहरण घेतोय, कारण हलालचा विषय निघाला की आपण तिसऱ्या वाक्याला निवडणुकीवर पोचतो. कोशरबद्दल बोलताना निदान डोकं थंड राहतं, आणि शंभर वर्षांचा हिशेब मांडलेला मिळतो.

मी रोह्याच्या एमआयडीसीत इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ, बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. केक, ब्रेड, आइस्क्रीममध्ये जे जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट) पडतं, ते आम्ही करायचो. सगळा खेळ ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिडचा. दोन्ही पामतेलापासून मिळतात, दोन्ही गुरांच्या चरबीपासूनही मिळतात, आणि आमच्या रोजच्या चाचण्यांत त्यांचा फरक कळत नाही. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला कोशर सर्टिफिकेट हवं होतं म्हणून पहिल्यांदा राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आले, तेव्हा काहीतरी धर्मविधी बघायला मिळेल म्हणून निम्मी शिफ्ट गोळा झाली होती. त्यांनी एक मंत्र म्हटला नाही. थेट बॉयलर हाउसमध्ये गेले आणि विचारलं, ही वाफ आणखी कुठल्या व्हेसलला जाते? कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं पाणी, परत येतं का? मग परचेसची फाइल मागितली, टँकर आधी काय वाहून आला त्याचे कागद मागितले. एका सप्लायरनं मधले दोन महिने स्टिअरिक ॲसिड दुसरीकडून उचललं होतं. ड्रमवर नाव तेच, मूळ कुठलं त्याचा पत्ता नाही. आमच्या आयएसओ ऑडिटमध्ये ते कधी निघालं नव्हतं. राब्बींनी ते ड्रम बाजूला काढायला लावले, लाइन चोवीस तास बंद ठेवून मग उकळत्या पाण्यानं कोशर करून घेतली, आणि मॅनेजरसाहेबांनी मागवलेली थाळी नम्रपणे नाकारून पिशवीतल्या केळ्यांवर दिवस काढला. राब्बीनं आशीर्वाद दिला की अन्न कोशर होतं, हा समज माझ्यापुरता त्या दिवशी संपला. हे लोक आपल्याकडे सतत येतात, मसाल्यांसाठी, रंगांसाठी, कॅप्सूलसाठी. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये जे मारले गेले, त्यांतले दोघं कोशर तपासणीच्या कामानंच भारतात आलेले होते.

आता 'टॅक्स'कडे येऊ. या आक्षेपात तथ्याचा एक कण आहे आणि तो मी नाकारत नाही. सर्टिफिकेटची फी लागते, तपासनिसाचं विमानभाडं लागतं, आणि हा खर्च कुठूनतरी किमतीत येतोच. ज्याला कोशरशी घेणंदेणं नाही त्याच्याही पाकिटात तो येतो. पण किती? १९७५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जनरल फूड्सचा आकडा छापून आला होता. एका सेंटचे दहा लाख भाग केले तर त्यातले साडेसहा, एका गोठवलेल्या पाकिटामागे. आकडा जुना आहे, कंपनीचा आहे आणि मोठ्या कारखान्याचा आहे, छोट्या उत्पादकाला फी जास्त जाणवते, हे सगळं मान्य. तरी त्याला दहापट करा, हजारपट करा, सेंट पुरा होत नाही. त्याच पाकिटावरच्या जाहिरातीचा, क्रिकेटपटूच्या फोटोचा, बारकोडचा खर्च आपण मुकाट देतो. 'जाहिरात टॅक्स' म्हणून फॉरवर्ड कधी आलाय का? आणि टॅक्स तर सक्तीचा असतो. इथे कंपनी स्वतःच्या पायांनी राब्बीकडे जाते, कारण तिला ते गिऱ्हाईक हवं असतं. १९३५ मध्ये अटलांटाच्या राब्बी टोबायस गेफेन यांना कोका-कोलात चरबीपासून केलेलं ग्लिसरीन असल्याचं कळलं, तेव्हा कंपनीनं वनस्पतीचं ग्लिसरीन घेतलं. राब्बींनी तिचं गुपित फोडलं नाही. ओरिओ बिस्किटात एकेकाळी डुकराची चरबी असायची. ती गेली, आणि भट्ट्या शुद्ध करण्याचा मोठा उपद्व्याप करून १९९७ मध्ये ती कोशर झाली. यात खंडणी कुणी कुणाकडून घेतली?

गंमत अशी, की कोशरच्या नावानं पैसे उकळले जातात ही तक्रार पहिल्यांदा मोठ्यानं केली ती ज्यूंनीच. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूंनी विल्नाहून राब्बी जेकब जोसेफ यांना मुख्य राब्बी म्हणून बोलावून घेतलं. मांसविक्रीतली बेबंदशाही मोडायला त्यांनी कोंबडीच्या पायाला शिशाचा बिल्ला लावायची पद्धत काढली आणि बिल्ल्यामागे एक सेंट ठेवला. झालं! रशियात झारच्या राज्यात कोशर मांसावर कर असायचा, कोरोब्का नावाचा. त्यापासून पळून जे लोक जहाजात बसले, त्यांना अमेरिकेत उतरल्यावर पुन्हा तेच दिसलं. गृहिणी भडकल्या, खाटीक भडकले, आणि ती व्यवस्था कोलमडली. पुढे मे १९०२ मध्ये कोशर मांसाचा भाव पौंडाला बारा सेंटवरून अठरावर गेला, तेव्हा लोअर ईस्ट साइडच्या बायकांनी दुकानांवर बहिष्कार घातला, गिऱ्हाइकाच्या हातातलं मांस हिसकावून रस्त्यावर फेकलं, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आणि महिन्याभरात भाव खाली आणला. त्यांची तक्रार खरी होती, कारण ती मांसाबद्दल होती. मांसाला शोखेत लागतो, म्हणजे विधीनं कापणारा शिकलेला माणूस. मग फुप्फुस तपासायचं, मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुवायचं. यात खर्च आहे, माणसं आहेत, आणि जिथे दुसरीकडे जायची सोय नाही तिथे पिळवणुकीला जागाही आहे. त्या बायका भावाबद्दल भांडत होत्या. चुलतभावाच्या फॉरवर्डमध्ये भाव नाहीच, फक्त ज्यू आहेत.

शिक्क्याच्या विरोधातला भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो युरोपात निघतो. कोशर कत्तलीत जनावराला आधी बधिर करत नाहीत. ज्याला हे पटत नाही, त्याला ते मांस टाळायचा हक्क हवा की नको? अडचण अशी, की कोशर पद्धतीनं कापलेल्या जनावराचं सगळं मांस कोशर म्हणून विकलं जात नाही. मागच्या भागातली मांडीची शीर आणि चरबी काढणं इतकं किचकट असतं, की अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो भाग सरसकट साध्या बाजारात जातो. फुप्फुसाच्या तपासणीत नापास झालेलं अख्खं जनावरही तिकडेच जातं. त्यावर कोशरचा शिक्का नसतो, आणि कापलं कसं तेही लिहिलेलं नसतं. म्हणजे शिक्क्याची तक्रार करणाऱ्यांना खरा त्रास होतो तो शिक्का नसलेल्या मांसाचा! जून २०१० मध्ये युरोपीय संसदेनं 'बधिर न करता कापलेल्या जनावराचं मांस' असं लेबल लावायच्या बाजूनं मतदान केलं होतं. २०११ च्या अंतिम नियमातून ते वगळलं गेलं. ज्यू संघटनांचा विरोध होता, आणि त्यांची भीती हवेतली नव्हती. १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सार्वमतानं बधिर न करता कापण्यावर बंदी आली, तिच्यात प्राणिदया होती तितकाच ज्यूद्वेषही होता. नाझींनी सत्तेवर येताच एप्रिल १९३३ मध्ये हेच केलं. ज्यांच्या आजोबांनी हे पाहिलंय ते लेबलच्या नावानं सावध झाले तर नवल काय? पण सावधपणा हे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचं कारण होत नाही. मला त्यांचाच एक प्रतिवाद पटतो. लेबल लावायचं तर सगळ्यांना लावा: कोणतं जनावर कपाळात बोल्ट मारून पाडलं, कोणतं विजेच्या झटक्यानं, कोणती डुकरं कार्बन डायऑक्साइडच्या खड्ड्यात उतरवली. सगळं छापा, आणि मग गिऱ्हाइकाला निवडू द्या. एकाच पद्धतीवर बोट ठेवलं की बहाणा माहितीचा होतो आणि काम बदनामीचं होतं.

दुसरा आक्षेपही वजनदार आहे. तपासणाऱ्याला पैसे देतो कोण? ज्याचा माल तपासायचा तोच. अशा तपासणीवर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न कोशरला लागू आहे तितकाच कंपनीच्या ऑडिटरला आहे, रेटिंग एजन्सीला आहे, आमच्या आयएसओवाल्यांना तर आहेच. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्सी गावात, जिथे कर्मठ ज्यूंची वस्ती दाट आहे तिथे, एका प्रतिष्ठित दुकानातून साध्या कोंबड्या कोशर म्हणून विकल्या जात असल्याचं उघड झालं. देखरेख होती, दुकानदार श्रद्धाळू म्हणून ओळखला जात होता. शेकडो घरांना आपली भांडीकुंडी उकळून पुन्हा शुद्ध करावी लागली. तेव्हा शिक्का कधी फसवत नाही असं म्हणायची सोय नाही. पण फसवणूक कुठे सोपी जाते, तेही यातून दिसतं. एक माणूस, एक दुकान, ओळखीवर चाललेला कारभार, तिथे. शेकडो कंपन्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला एका गिऱ्हाइकाच्या फीपेक्षा स्वतःच्या नावाची किंमत जास्त असते. गोलातला यू हा ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे. १९२३ मध्ये हाइन्झच्या बीन्सपासून त्यांचं हे काम सुरू झालं, आणि परवानगीशिवाय तो छापला तर ते कोर्टात खेचतात. आता पाकिटावर नुसता के बघा. के हे वर्णमालेतलं अक्षर, त्याचा ट्रेडमार्क कुणाला मिळत नाही, म्हणून तो कुणीही छापू शकतो. त्यामागे कधी एखादा उदार मताचा राब्बी असतो, कधी कंपनीचं नुसतं मत असतं. साधं, म्हणजे कोशर नसलेल्या जनावरांच्या कातड्या-हाडांचं, जिलेटिन घातलेल्या पदार्थांवरसुद्धा तो वर्षानुवर्षं दिसला आहे, जे बहुतेक कर्मठ राब्बींना मुळीच मान्य नाही. म्हणजे दोन शिक्के शेजारी ठेवले तर एकामागे पत्ता आहे, दुसऱ्यामागे नाही. आणि आपण दोन्हींना 'कोशर' म्हणून मोकळे होतो.

मग सरकारनंच एक व्याख्या करून टाकावी, म्हणजे घोळ मिटला, असं वाटणं साहजिक आहे. न्यूयॉर्कनं तेच केलं होतं. १९१५ च्या कायद्यानं कोशर म्हणजे 'ऑर्थोडॉक्स हिब्रू धार्मिक नियमांनुसार' असं ठरवलं आणि पुढे सरकारी निरीक्षक नेमले. फसवणूक अफाट होती, हेतू चांगला होता, आणि १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही तो कायदा उचलून धरला. ऐंशीएक वर्षं तो चालला. पण ज्यूंमध्ये एकच पंथ थोडाच आहे? लाँग आयलंडवरच्या कोमॅकमधलं एक मांसाचं दुकान ऑर्थोडॉक्सांहून वेगळ्या, कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या राब्बीच्या देखरेखीखाली होतं, आणि सरकारी निरीक्षक त्याला ऑर्थोडॉक्स मापानं दंड करत होता. २००२ मध्ये संघीय अपील न्यायालयानं कायदा मोडीत काढला. राज्यानं धर्मातल्या भांडणात एका पक्षाची बाजू घेतली, हा ठपका. न्यू जर्सीचा असाच कायदा १९९२ मध्येच गेला होता. यानंतर न्यूयॉर्कनं जे केलं ते मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. २००४ च्या कायद्यानं कोशरची व्याख्याच सोडून दिली. कोशर म्हणून विकायचंय? विका. पण कोण प्रमाणित करतं त्याचं नाव कळवा, आणि दुकानात लावा. पटलं तर गिऱ्हाईक घेईल, नाही पटलं तर पुढच्या दुकानात जाईल. खोटं लिहिलं तर मात्र सरकार आहेच. इस्रायल याच्या उलट टोकाला गेलं. १९८३ च्या कायद्यानं 'कोशर' हा शब्दच मुख्य राब्बी कार्यालयाच्या ताब्यात दिला. परिणाम काय? निरीक्षकाचा पगार त्याच हॉटेलनं द्यायचा ज्याची तो तपासणी करणार, तक्रारींचा ढीग, आणि जेरुसलेममधल्या हॉटेलवाल्यांनी स्वतःची पर्यायी देखरेख उभी केली तर त्यांनाच दंड. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की 'कोशर' न म्हणता तुम्ही काय पाळता ते खरं खरं लिहायला हरकत नाही. ज्यू राष्ट्रात ज्यू माणसाला हे सांगायला कोर्टात जावं लागलं, हे राज्यानं शिक्का हातात घेतल्याचं फळ.

पुतण्याचं म्हणणं असं, की हा त्यांच्या घरातला मामला, आपल्याला काय करायचंय. करायचंय, कारण जेवणात काय पडलंय हे न सांगण्याची किंमत आपल्या इतक्या कुणी मोजली नसेल. १८५७ ची काडतुसं आठवा. चरबी कसली, हा तो प्रश्न होता, आणि कंपनी सरकारच्या उत्तरावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. तुम्ही तूप-मेण स्वतःच लावा, अशी सवलत पुढे दिली, तोवर वेळ गेली होती. उठावाची कारणं तेवढीच नव्हती हे शाळेत शिकलोय, पण ठिणगी लेबल नसलेल्या मालाची होती. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर, मॅकडॉनल्ड्सनं १९९० पासून अमेरिकेत आपण वनस्पती तेलात तळतो असं सांगितलं, पण फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क आहे हे सांगितलं नाही. २००१ मध्ये सिएटलमध्ये दावा दाखल झाला. भारतातल्या फ्राइजमध्ये तो अर्क नव्हता, तरी ठाण्यातलं दुकान फुटलं. पुढच्या वर्षी कंपनीनं माफी मागितली आणि एक कोटी डॉलर वाटले, ते मिळालेल्यांत हिंदू संस्था होत्या, शाकाहारी संस्था होत्या, आणि कोशर पाळणाऱ्यांच्याही होत्या. त्या दाव्यात हिंदू आणि ज्यू एकाच बाकावर होते. हे आमच्या ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही.

कोकणात तर कोशर शिक्क्याच्या आधीपासून आहे. अलिबागच्या आसपासचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांची एक कथा सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू पाहुणा आला, त्याला शंका, की ही माणसं खरंच आपली आहेत का. त्यानं बायकांकडे मिसळलेली मासळी रांधायला दिली. त्यांनी ज्यूंना चालणारे, म्हणजे खवले आणि पंख असलेले, मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला काढले, आणि त्याला खूण पटली. कथेत इतिहास किती ते सोडा. पण बघा, तिथे सर्टिफिकेट लागलं नाही. मासा समोर होता, बाई समोर होती, खवलं बोटाला लागत होतं. शेजारच्या घाण्याचं तेल कुठल्या तिळाचं, हे गावाला ठाऊक असायचं. शिक्का लागतो तो खवलं दिसेनासं झाल्यावर. आमच्या रोह्याच्या ड्रममध्ये कुठलं खवलं शोधणार?

आपण स्वतःही हा शिक्का रोज वापरतोच. हिरवा ठिपका. २००१ पासून तो पाकिटावर आहे, आणि २०२० च्या नियमांनी मांसाहारी चिन्हातल्या वर्तुळाचा त्रिकोण केला, म्हणजे रंग न ओळखता येणाऱ्यालाही कळावं. त्याला कुणी 'वैष्णव टॅक्स' म्हणत नाही. तरी त्यातही भोक आहे. ई ६३१ नावाचा चव वाढवणारा पदार्थ मांसा-माशापासूनही करता येतो आणि वनस्पतीजन्य कच्चा माल आंबवूनही. पाकिटावर नुसता आकडा छापला, की मूळ झाकलं जातं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसता क्रमांक पुरे नाही, घटक प्राण्यापासून आला की वनस्पतीपासून की प्रयोगशाळेतून, ते लिहा. ही मागणी आणि रोह्याला आलेल्या राब्बींची मागणी यांत मला तसूभर फरक दिसत नाही. उलट उत्तर प्रदेशनं नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल सर्टिफिकेट असलेल्या मालावर बंदी घातली आणि निर्यातीचा माल वगळला. शिक्का फसवा असेल तर तो परदेशी गिऱ्हाइकाला का विकायचा, आणि फसवा नसेल तर घरच्याला का नाही? आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केलं. झटका हवा असणाऱ्याला तो मिळावा, याला माझी ना नाही. माझा प्रश्न मॉन्सीच्या गिऱ्हाइकाचाच आहे. तपासणार कोण, किती वेळा, आणि उद्या त्या बिल्ल्याखाली दुसरंच मटण निघालं तर मी कुणाच्या दारात जाऊ? मंत्र्यांच्या? मग तो बिल्ला राज्याचा झाला, आणि न्यूयॉर्कची ऐंशी वर्षं आपण पहिल्यापासून सुरू केली.

शिक्का काय म्हणतो, याइतकंच तो काय म्हणत नाही हेही वाचायला हवं, आणि इथे दोष पाकिटाइतकाच आपलाही आहे. कोशर म्हणजे आरोग्याला चांगलं, असं कुठेही लिहिलेलं नसतं. मिठात ठेवलेल्या मांसात मीठ मुरतं, रक्तदाबवाल्यानं ते मोजावं. 'कोशर सॉल्ट' हे नाव मांसाला लावायच्या जाड मिठाचं, त्यात पवित्र काही नाही. चिन्हाशेजारचा डी दुधाचा, पण पी 'पारेव'चा नाही, तो पासोव्हर सणाचा. पारेव हा शब्द पूर्ण लिहितात. पारेव म्हणजे दूधही नाही आणि मांसही नाही. अंडं मात्र असू शकतं, मासा असू शकतो, आणि काही राब्बींच्या मते कोशर गुरांच्या कातड्याचं जिलेटिनसुद्धा, कारण प्रक्रियेत ते मांस राहत नाही असं त्यांचं शास्त्र. दुधाची जबर ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईनं केवळ पारेव वाचून निर्धास्त होऊ नये, कारण धर्माच्या मापात बसणारा दुधाचा अंश ॲलर्जीच्या मापात बसत नाही. आणि कामगारांचं काय चाललंय, हे तर कुठलाच शिक्का सांगत नाही. मे २००८ मध्ये आयोवातल्या पोस्टव्हिल गावी एका मोठ्या कोशर कत्तलखान्यावर धाड पडली, ३८९ स्थलांतरित कामगार पकडले गेले, तिथल्या वागणुकीच्या कहाण्या बाहेर आल्या. मांस मात्र नियमाप्रमाणे कोशरच होतं. त्याच सुमारास काही राब्बींनीच कामगारांच्या वागणुकीसाठी वेगळ्या शिक्क्याची कल्पना मांडली, आणि बाकीच्यांनी तिला कडाडून विरोध केला. जुन्या शिक्क्यात नवं काही कोंबण्यापेक्षा वेगळा शिक्का मागणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

भाचीला दुसऱ्या दिवशी फोन केला आणि सांगितलं, तुझ्या मार्शमेलोतलं जिलेटिन एकतर माशाचं असेल नाहीतर गुरांच्या कातड्याचं. अगदी कोशर, पण आपलं नाही. ती दुकानातच होती. म्हणाली, थांब, इथे जेलीचा डबा आहे, यावर नुसता के आहे. मी विचारलं, खाली कुणाचं नाव? तिनं डबा फिरवून फिरवून पाहिला. पत्ता होता तो कंपनीचा. नंबर होता तो कंपनीच्या गिऱ्हाईक सेवेचा. तिनं तिथूनच लावला. पलीकडच्या मुलीनं तीन मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग सांगितलं, "मॅम, तो के आहे ना, तो कोशरचा."